अच्युतराव पटवर्धन : राजकारणातली अठरा वर्षं

अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन राजकारणात होते ते १९३२ ते १९५० एवढाच काळ. त्याआधी ते बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि राजकारण सोडल्यावर पुन्हा त्याच कॉलेजात शिकवायला गेले. मधल्या अठरा वर्षांत त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्ष उभा करायला हातभार लावला, एकतिशीत काँग्रेसच्या कार्यकारिणीत जागा मिळवली आणि १९४२ च्या लढ्यात तीन वर्षांहून जास्त काळ पोलिसांना गुंगारा देत भूमिगत चळवळ चालवली. त्यांच्या बरोबरची माणसं पुढे मंत्री, मुख्यमंत्री, महापौर झाली. अच्युतराव मात्र देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आतच या सगळ्यातून बाहेर पडले. स्वातंत्र्याच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते बेचाळीसच्या प्रकरणापुरतं आणि तिथेच संपतं. त्यांच्या नगरच्या नव्या पिढीलाही त्यांच्याविषयी यापलीकडे फारसं ठाऊक नसतं, ही खेदाची गोष्ट आहे.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९०५ चा, नगरचा. वडील हरी केशव पटवर्धन वकील होते आणि घर सुखवस्तू होतं. सहा मुलांमध्ये अच्युत दुसरे. थोरले पुरुषोत्तम, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र रावसाहेब पटवर्धन म्हणून ओळखू लागला. अच्युत चार वर्षांचे असताना त्यांना सीताराम पटवर्धन यांना दत्तक देण्यात आलं. सीतारामपंत शिक्षण खात्यातले निवृत्त डेप्युटी इन्स्पेक्टर. शाळा तपासायला येणाऱ्या या साहेबाला तेव्हा खेड्यापाड्यांत ‘दिपोटी’ म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी शाळा सारवली जायची आणि मुलांना धुतलेले कपडे घालून यायची ताकीद मिळायची. सीतारामपंत १९१७ मध्ये वारले आणि बारा वर्षांच्या अच्युतच्या नावावर बरीच मालमत्ता आली. पोटासाठी काही करण्याची गरज त्यांना त्या दिवसापासूनच नव्हती. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे धरलं आणि जे सोडलं, त्याकडे बघताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

जन्मदाते आणि दत्तकवडील, दोघंही थिऑसॉफिस्ट होते. थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे आणि सगळी माणसं एकमेकांची भावंडं आहेत, असं मानणारा पंथ. ही संस्था १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली, पुढे तिचं ठाणं मद्रासजवळच्या अड्यारला आलं आणि १९०७ पासून ॲनी बेझंट तिच्या अध्यक्ष झाल्या. हिंदुस्थानातल्या इंग्रजी शिकलेल्या, पण आपल्या परंपरेकडे पाठ फिरवायची नसलेल्या वकील, डॉक्टर, शिक्षकांच्या घरांत हा विचार चांगलाच रुजला होता. त्या घरांतली मुलं गीता आणि उपनिषदं वाचत मोठी व्हायची आणि त्याच घरांत जातपात, सोवळंओवळं जरा सैल असायचं. जिद्दू कृष्णमूर्ती नावाच्या एका तेलुगू मुलाला बेझंटबाईंनी भावी ‘जगद्‌गुरू’ म्हणून वाढवायला घेतलं होतं. त्याची चर्चाही अशा घरांतून होत असे. अच्युतरावांच्या आयुष्यात हे नाव पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

अच्युत शाळा शिकले ती नगरलाच. नगरात तेव्हा कॉलेज नव्हतं. अहमदनगर कॉलेज सुरू झालं ते १९४७ साली. मॅट्रिक झालेला मुलगा एरवी पुण्याची वाट धरायचा. अच्युत बनारसला गेले ते घरातल्या थिऑसॉफीमुळे. तिथलं सेंट्रल हिंदू कॉलेज ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये काढलं होतं आणि १९१६ पासून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा भाग झालं होतं. अर्थशास्त्र घेऊन ते बी. ए. आणि एम. ए. झाले, पहिल्या वर्गात आले आणि तिथेच प्राध्यापक म्हणून लागले. वाचनात आणि चिंतनात रमणारा, साधं राहणारा हा तरुण लग्नाच्या वाटेला कधीच गेला नाही. शिकवत असतानाच्या काळात तो तीनदा युरोपात जाऊन आला, तिथल्या समाजवादी पुढाऱ्यांना आणि अभ्यासकांना भेटला.

त्या वर्षांत युरोपात अर्थशास्त्राच्या माणसाला डोळ्यांसमोर बरंच काही दिसत होतं. १९२९ नंतरच्या मंदीत कारखाने बंद पडत होते. रशियाची पहिली पंचवार्षिक योजना चालू होती आणि तिचं खरं-खोटं जगभर तपासलं जात होतं. अच्युतरावांनी साम्यवादी आणि समाजवादी वाङ्‌मयाचा कसून अभ्यास केला तो याच काळात. त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्याची कथाही या प्रश्नांपासून दूरची नव्हती. सावकारांच्या वह्या आणि खतं जाळणारे १८७५ चे दख्खनचे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांतलेच. त्यांच्यामुळे सरकारला १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला होता. पर्जन्यछायेतल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला कर्जात बुडालेला शेतकरी पुस्तकात शोधावा लागत नव्हता.

१९३१ अखेर गांधीजी लंडनच्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हातांनी परतले आणि जानेवारी १९३२ मध्ये सरकारनं त्यांना अटक केली. कायदेभंगाला पुन्हा तोंड फुटलं. अच्युतरावांनी प्राध्यापकी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. पुढच्या दहा वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला.

त्यातला नाशिकचा तुरुंगवास देशाच्या राजकारणाला वळण देणारा ठरला. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या मध्यवर्ती तुरुंगात कायदेभंगाच्या तरुण कैद्यांची दाटी होती. अमेरिकेत सात वर्षं शिकून आलेले जयप्रकाश नारायण तिथे होते. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले मिनू मसानी, मुंबईचे अशोक मेहता, पुण्याचे एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे होते. आणि बनारसची प्राध्यापकी सोडून आलेले अच्युतराव होते. बहुतेकांचं वय तिशीच्या आतबाहेर. दिवसाचं काम उरकल्यावर बोलायला वेळच वेळ होता आणि बोलणं पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येत होतं: इंग्रज गेल्यावर कसणाऱ्या कुळाच्या आणि गिरणीतल्या कामगाराच्या हाती काय पडणार? काँग्रेस सोडायची नाही, ती स्वातंत्र्याची मुख्य फौज आहे, यावर त्यांचं एकमत होतं. पण त्या फौजेत शेतकरी-कामगारांचा प्रश्न रेटणारा संघटित गट हवा, असं त्यांनी ठरवलं.

मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समाजवाद्यांची पहिली परिषद भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईला काँग्रेस समाजवादी पक्षाची रीतसर स्थापना झाली. जयप्रकाश सरचिटणीस झाले. अच्युतराव संस्थापकांपैकी एक. पक्षाच्या सभासदाला काँग्रेसचाही सभासद असावं लागे. काँग्रेसमध्ये राहून काँग्रेसला वळवायचं, अशी ही रचना होती. ती चालवणं सोपं नव्हतं. काँग्रेसमधल्या जुन्या मंडळींना ही पोरं उतावीळ आणि पुस्तकी वाटायची. कम्युनिस्टांना ती बिनबुडाची वाटायची.

१९३५ ते १९४१ या काळात अच्युतरावांच्या वाट्याला आलेलं मुख्य काम त्यांच्या मूळच्या पेशाला धरून होतं. त्यांनी तरुणांसाठी अभ्यासशिबिरं घेतली. समाजवाद म्हणजे काय, जमीनधारा कशी ठरते, साम्राज्याचं अर्थकारण कसं चालतं, हे ते कार्यकर्त्यांना समजावून सांगत. महाराष्ट्रातल्या समाजवादी पिढीचा अभ्यासू वळणाचा लौकिक अशा शिबिरांतून तयार झाला, आणि अच्युतरावांच्या सगळ्या राजकीय कामगिरीत हे काम सर्वांत कमी सांगितलं जातं.

१९३६ च्या एप्रिलमध्ये लखनौ काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून जवाहरलाल नेहरूंनी कार्यकारिणी बनवली तेव्हा जयप्रकाश, नरेंद्र देव आणि अच्युतराव या तीन समाजवाद्यांना तिच्यात घेतलं. समोर वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी अशी भारदस्त माणसं होती आणि बहुमत त्यांचंच होतं. त्याच वर्षी जूनअखेर नेहरूंच्या समाजवादी भाषणांवर नाराज होऊन त्यांच्यातल्या काहींनी राजीनामे दिले आणि गांधीजींच्या मध्यस्थीनंतर ते मागे घेतले. प्रांतिक निवडणुका जिंकल्यावर मंत्रिपदं घ्यायची की नाही, हाही वादाचा मुद्दा होता आणि समाजवाद्यांचा त्याला विरोध होता. अच्युतरावांनी काही काळातच कार्यकारिणीचा राजीनामा दिला.

१९४२ साली त्यांचं आणि अशोक मेहतांचं ‘द कम्युनल ट्रँगल इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक अलाहाबादच्या किताबिस्ताननं काढलं. हिंदू-मुस्लिम प्रश्नाला दोन बाजू आहेत असं सगळे समजत असताना या दोघांनी त्याला तीन बाजूंचा प्रश्न म्हटलं आणि तिसरी बाजू म्हणून इंग्रजी सत्तेवर बोट ठेवलं. १९०६ मध्ये आगाखानांच्या नेतृत्वाखाली सिमल्याला व्हाइसरॉयकडे गेलेलं शिष्टमंडळ आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दिलेले विभक्त मतदारसंघ ही या राजकारणाची सर्वांना ठाऊक असलेली उदाहरणं. विभक्त मतदारसंघात मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमान मतदारांपुढे हात पसरायचा असतो. शेजारच्या हिंदूचं मत त्याला लागतच नाही. मग त्याच्याशी जमवून घेण्याची राजकीय गरजही उरत नाही. एकदा ही व्यवस्था बसली की जो आपल्या जमातीला जास्त घाबरवील, तो निवडून येणार. पुस्तक निघालं आणि पाच वर्षांत देशाची फाळणी झाली. तिसऱ्या बाजूवर एवढा भर दिल्यानं पहिल्या दोन बाजूंची जबाबदारी हलकी होते, हा आक्षेप या मांडणीवर घेता येतो. पण निवडणुकीच्या यंत्रणेकडे बघण्याची तिची नजर आजही उपयोगाची आहे.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईला गवालिया टँकच्या मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे पोलिसांनी पुढाऱ्यांना घरांतून उचलून खास गाडीत बसवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीचे सभासद मात्र त्याच गाडीनं पुढे गेले आणि त्यांना जिथे उतरवलं ते गाव होतं अहमदनगर.

त्यांच्यासाठी निवडलेला भुईकोट किल्ला नगर शहराला लागूनच आहे. निजामशाहीच्या काळात बांधलेला, भोवती खंदक असलेला, चांदबिबीनं मोगलांशी झुंजवलेला, आणि इंग्रजी अमलात पलटणीच्या ताब्यात असलेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी नगरला जर्मन कैदी ठेवले होते. आता किल्ल्यात मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब आणि प्रफुल्लचंद्र घोष असे बारा जण आले. सुरुवातीला ते कुठे आहेत हे बाहेर कळू दिलं गेलं नाही. आत नेहरूंनी मातीत हात घालून बाग फुलवली आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. मौलानांनी पत्रांच्या रूपातलं ‘गुबार-ए-खातिर’ लिहिलं. नरेंद्र देवांनी बौद्ध तत्त्वज्ञानातल्या ‘अभिधर्मकोशा’वर काम केलं.

देशातले पुढारी नगरच्या किल्ल्यात कोंडलेले असताना त्यांची चळवळ बाहेर चालवणाऱ्यांत नगरचा एक माणूस होता. अच्युतराव पोलिसांना सापडले नाहीत. राममनोहर लोहिया, अरुणा असफ अली, सुचेता कृपलानी, सादिक अली आणि अच्युतराव यांनी मिळून भूमिगत मध्यवर्ती मंडळ चालवलं. अरुणाबाईंचे पती किल्ल्यात होते आणि सुचेताबाईंचेही. नोव्हेंबरात दिवाळीच्या रात्री हजारीबागचा तुरुंग फोडून आलेले जयप्रकाशही त्यांना मिळाले.

भूमिगत राहणं म्हणजे रोज नवं घर शोधणं. एका घरी दोन-चार रात्रींवर मुक्काम करायचा नाही, आल्या-गेल्याला नातेवाईक म्हणून ओळख सांगायची, पोशाख बदलायचा, दाढी राखायची नाही तर उतरवायची. एस. एम. जोशी या काळात इमाम अली नावाचे मौलवी होऊन हिंडत होते. पत्रव्यवहारात खरी नावं येत नसत. अरुणाबाईंना ‘कदम’ आणि अच्युतरावांना ‘कुसुम’ म्हटलं जाई. सायक्लोस्टाइलवर काढलेली पत्रकं हातोहात फिरत. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑगस्टअखेर सुरू केलेलं काँग्रेस रेडिओचं गुप्त केंद्र जागा बदलत बदलत जवळजवळ अडीच महिने चाललं आणि १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं. या सगळ्याला पैसा लागे. तो बऱ्याचदा अशा व्यापाऱ्यांकडून येई, ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर लिहायचं नसे. आणि ज्या घरात पाहुणा म्हणून आसरा मिळे, त्या घरातल्या बाईला दारात कोण उभं आहे हे ठाऊक असूनही शेजारणीला काहीच न कळू देता दोन वेळचा स्वयंपाक करावा लागे. या बायकांची नावं इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाहीत.

जयप्रकाश १८ सप्टेंबर १९४३ ला पंजाबात आगगाडीत पकडले गेले. सुचेताबाई १९४४ मध्ये सापडल्या. लोहियांना २० मे १९४४ ला मुंबईत अटक झाली. त्यानंतर या मंडळातली बाहेर उरलेली मोठी नावं म्हणजे अरुणाबाई आणि अच्युतराव.

त्याच महिन्यात, ६ मे १९४४ रोजी, गांधीजींची सुटका झाली होती. भूमिगत कार्यकर्त्यांना त्यांनी सांगितलं की गुप्तपणा हा सत्याग्रहाच्या विरुद्ध आहे, बाहेर या आणि स्वाधीन व्हा. अरुणाबाईंना त्यांनी तसं पत्रही लिहिलं. त्या स्वाधीन झाल्या नाहीत, अच्युतरावही झाले नाहीत. तारा तोडणं, रूळ उखडणं, सरकारी कचेऱ्या बंद पाडणं यांत माणूस मारला जात नाही तोवर ती हिंसा म्हणायची का, हा वाद चळवळीत आधीपासून चालू होता. समाजवाद्यांचं म्हणणं होतं की सरकारचं यंत्र ठप्प करणं हाच लढा आहे. गांधीजींना ते मान्य नव्हतं. ज्याच्यावर श्रद्धा आहे अशा माणसाची आज्ञा मोडून लढत राहणं अच्युतरावांसारख्या, मूळ पिंड धार्मिक असलेल्या माणसाला सोपं गेलं असेल असं वाटत नाही. राजकारण सोडल्यावर साध्य-साधनाच्या आणि माणसाच्या मनातल्या हिंसेच्या प्रश्नाकडे ते वळले, ते पाहता या वर्षांकडे पुन्हा जावंसं वाटतं.

महाराष्ट्रात या भूमिगत लढ्याचं सर्वांत भक्कम रूप साताऱ्याला दिसलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. किसन वीर, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड अशी माणसं त्यात होती. यशवंतराव चव्हाणही सुरुवातीला या जिल्ह्यातल्या लढ्यात होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटण्यात आली. गावोगाव न्यायमंडळं बसवून जमिनीचे आणि घरगुती तंटे मिटवले गेले, दारूच्या भट्ट्या मोडल्या गेल्या, हुंडा आणि मानपान टाळून थोडक्या खर्चात ‘गांधी पद्धतीची’ लग्नं लावली गेली, तुफान सेनेनं गावांवर पहारा ठेवला. खबरे, दरोडेखोर आणि नडणारे सावकार यांच्या तळपायांवर फटके मारले जात. घोड्याच्या टापांना पत्री ठोकावी तशी ही शिक्षा, म्हणून लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ हेच नाव बसलं.

हे सरकार साताऱ्याच्या शेतकऱ्यांनीच उभं केलं आणि चालवलं. अच्युतराव त्याचे निर्माते होते असं म्हणणं त्या शेतकऱ्यांवर अन्याय करणारं होईल. साताऱ्याचे कार्यकर्ते ज्या भूमिगत पुढाऱ्यांशी संबंध ठेवून होते त्यांच्यात ते प्रमुख होते. सल्ला, पैसा आणि देशाच्या चळवळीशी असलेला धागा त्यांच्याकडून येई. देशात बाकी ठिकाणी उठाव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दडपला गेला. सातारचं प्रतिसरकार टिकलं ते १९४६ पर्यंत.

नेहरूंना २८ मार्च १९४५ ला नगरच्या किल्ल्यातून हलवण्यात आलं. जूनमध्ये कार्यकारिणी सुटली. अच्युतराव आणि अरुणाबाई १९४६ मध्ये वॉरंटं मागे घेतली गेल्यावर उघड वावरू लागले. साडेतीन वर्षांच्या आसपास सरकारनं शोधूनही न सापडलेला माणूस लोकांना बघायला मिळाला तेव्हा त्याच्या सभांना झुंबड उडाली.

त्यानंतरची चार वर्षं राजकारणाच्या दृष्टीनं निसटत गेली. १९४७ मध्ये कानपूरच्या परिषदेत समाजवाद्यांनी पक्षाच्या नावातला ‘काँग्रेस’ हा शब्द काढला. मार्च १९४८ मध्ये नाशिकला काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. ज्या नाशिकच्या तुरुंगात काँग्रेसमध्येच राहून काम करायचं ठरलं होतं, त्याच गावात पंधरा-सोळा वर्षांनी ते नातं तुटलं. मधल्या काळात फाळणीची कत्तल झाली होती आणि नाशिक परिषदेच्या दोनच महिने आधी गांधीजींचा खून झाला होता.

१९५० मध्ये अच्युतरावांनी राजकारण सोडलं. वय पंचेचाळीस. कुठलं पद हुकलं नव्हतं, कुठल्या निवडणुकीत आपटी खाल्ली नव्हती, सहकाऱ्यांशी जाहीर भांडणही नव्हतं. १९४७ च्या अखेरीला कृष्णमूर्ती बऱ्याच वर्षांनी हिंदुस्थानात आले होते आणि रावसाहेब व अच्युतराव दोघेही त्यांच्या सहवासात आले होते. बेझंटबाईंनी ज्याला जगद्‌गुरू केलं त्या कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये स्वतःसाठी काढलेली संघटनाच विसर्जित करून टाकली होती. सत्याकडे जायला ठरीव वाट नसते, ते संघटनेत बांधता येत नाही, आणि माणूस आतून बदलल्याखेरीज समाजाची नुसती रचना बदलून काही साधत नाही, असं त्यांचं सांगणं होतं. अठरा वर्षं संघटना बांधण्यात घालवलेल्या माणसाच्या मुळावर येणारा हा विचार होता. अच्युतरावांनी तो ऐकून सोडून दिला नाही. त्यांच्यासाठी तो घरातल्या जुन्या वळणाचाच पुढचा टप्पा होता.

समाजवादी गोटात हे अनेकांना लागलं. पहिली निवडणूक तोंडावर असताना, लोकांना तोंडपाठ असलेला बेचाळीसचा नायक निघून गेला. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला लोकसभेच्या फक्त बारा जागा मिळाल्या. एक माणूस राहिल्यानं हा निकाल फिरला नसता. पण अभ्यास आणि लोकप्रियता दोन्ही असलेली माणसं त्या पक्षाकडे फार नव्हती, हेही तितकंच खरं.

नाशिकच्या तुरुंगातल्या आणि भूमिगत मंडळातल्या सोबत्यांच्या वाटा एव्हाना फुटायला लागल्या होत्या. जयप्रकाश १९५४ मध्ये भूदानाला जीवनदान देऊन पक्षीय राजकारणातून बाहेर पडले. मसानी समाजवादाचे कडवे विरोधक झाले आणि स्वतंत्र पक्षात गेले. अशोक मेहता नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष आणि नंतर केंद्रात मंत्री झाले. अरुणाबाई कम्युनिस्टांकडे जाऊन १९५८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या महापौर झाल्या. सुचेताबाई १९६३ मध्ये उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. यशवंतराव तर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. एस. एम. आणि गोरे शेवटपर्यंत समाजवादी राहिले.

अच्युतराव बनारसला परतले आणि सेंट्रल हिंदू कॉलेजात पुन्हा शिकवू लागले. १९५१ अखेर त्याच विश्वविद्यालयाचे कुलगुरू म्हणून आचार्य नरेंद्र देव आले. पाटण्याच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्ष आणि नगरच्या किल्ल्यातले कैदी. १९६६ पर्यंत अच्युतरावांनी तिथे अध्यापन केलं. कृष्णमूर्तींच्या शिक्षणकार्याशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. वरुणा आणि गंगेच्या संगमाजवळच्या राजघाटच्या आवारात हे काम बनारसलाच चाललं होतं. १९७१ साली राजकीय विचारप्रणाली आणि भारतातल्या सामाजिक परिवर्तनाची दृष्टी यांविषयीचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. ‘कम्युनल ट्रँगल’पासून इथवरच्या तीस वर्षांत प्रश्न तेच राहिले होते, पक्षाकडून उत्तराची अपेक्षा मात्र उरली नव्हती.

थोरले बंधू रावसाहेब नगरशी आणि महाराष्ट्राशी जास्त बांधलेले राहिले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनीही तुरुंगवास सोसला. राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांत त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. जून १९५० मध्ये साने गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या ‘साधना’ साप्ताहिकाची धुरा आचार्य शं. द. जावडेकर आणि रावसाहेबांनी उचलली. अच्युतरावांनी राजकारण सोडलं तेही हेच वर्ष. रावसाहेब १९६९ मध्ये वारले.

नगरचा किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. आतली पुढाऱ्यांची बराक स्मारक म्हणून जपलेली आहे आणि तिथल्या खोल्यांवरून आतल्या बारा जणांची ओळख पटते. बाहेर राहिलेल्या नगरकराची ओळख तिथे पटण्याचं कारण नाही.

अच्युतराव ५ ऑगस्ट १९९२ रोजी वाराणसीत निवर्तले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. चारच दिवसांनी, ९ ऑगस्टला, ‘छोडो भारत’ला ५० वर्षं पूर्ण झाली.